‘रेवा’ हे नाव : अर्थ, उगम आणि बारशापूर्वीच्या काही शंका

इंदूरची आत्या (इंदूर)

माझ्या भावाला मुलगी झाली असून तिचे बारसे येत्या पंधरवड्यात करावयाचे आहे. बाळाला पाळण्यात घालताना तिच्या कानात नाव सांगण्याचा मान आमच्याकडे आत्याचा असतो, त्यामुळे नाव निवडण्याचे कामही घरच्यांनी माझ्यावरच सोपवले आहे. भावजयीची अट एवढीच, की नाव दोन अक्षरांचे, जोडाक्षर नसलेले असावे आणि मराठी व हिंदी अशा दोन्ही बोलणाऱ्यांच्या तोंडी ते न बिघडता बसावे. पुष्कळ विचार करून मी ‘रेवा’ हे नाव जवळजवळ नक्की केले आहे. रेवा म्हणजे नर्मदा, एवढे मला ठाऊक आहे. आणि ज्या शहरात घर भाड्याने घेणारा माणूस आधी नळाच्या पाण्याविषयी ‘नर्मदा आहे की बोरिंग’ असे विचारतो, त्या शहरातल्या मुलीला हे नाव शोभेल असेही वाटते.

अडचण अशी आहे, की नावांच्या संकेतस्थळांवर या एका नावाचे अर्थ ‘तारा’, ‘संपत्ती’, ‘वेगवान’, ‘रती’ असे वाटेल ते दिलेले आहेत आणि काही ठिकाणी ते ‘रेवती’चेच लघुरूप असल्याचे म्हटले आहे. दुसरीकडे आमच्या थोरल्या काकूंचे म्हणणे असे, की मुलीला नदीचे नाव ठेवू नये, असे शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे. शिवाय नर्मदा कुमारिका असल्यामुळे हे नाव तर मुळीच नको. काकूंचा अनादर करण्याची माझी इच्छा नाही, मात्र केवळ भीतीपोटी चांगले नाव सोडावे असेही वाटत नाही. संस्कृत जाणणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरात हे नाव आहे अशांनी कृपया लिहावे.

पदच्छेद (इंदूर)

प्रथम अर्थाविषयी लिहितो, कारण तेथेच सर्वांत अधिक गोंधळ आहे.

पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, ‘रेवृ प्लवगतौ’ असा धातू आहे. प्लवगती म्हणजे उड्या घेत जाणे. त्याचे रूप ‘रेवते’ असे होते, आणि जी उसळत, उड्या घेत जाते ती रेवा, अशी या नावाची व्युत्पत्ती दिली जाते. संकेतस्थळांवरचा ‘वेगवान’ हा अर्थ येथूनच आलेला असावा, परंतु तो थोडा चुकतो. सपाटीवरून वेगाने वाहणाऱ्या नदीला हा धातू तितकासा लागू पडत नाही. खडकांवर आपटत, फुटत, पुन्हा एकवटत जाणारी नदी येथे अभिप्रेत आहे. अमरकंटकला उगम पावल्यानंतर लवकरच कपिलधारेवरून खाली येणारी, भेडाघाटला धुवांधारात कोसळणारी आणि आपल्या महेश्वरच्या जवळ सहस्रधारेच्या खडकांत असंख्य प्रवाहांनी विभागली जाणारी नर्मदा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कालिदासाने मेघदूतात नेमके हेच टिपले आहे. ‘रेवां द्रक्ष्यस्युपलविषमे विन्ध्यपादे विशीर्णाम्’ असे यक्ष मेघाला सांगतो, म्हणजे विंध्याच्या पायथ्याशी खडकाळ, उंचसखल भूमीवर विखुरलेली रेवा तुला दिसेल. आणि पुढच्याच चरणात तिला हत्तीच्या अंगावर भस्माने रेखलेल्या नक्षीची उपमा दिली आहे. त्या ओळीत त्याने ‘नर्मदा’ न म्हणता ‘रेवा’ म्हटले, यात वृत्ताची सोय असेलही, पण अर्थाचीही आहे, असे माझे मत आहे.

‘नर्मदा’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. नर्म म्हणजे क्रीडा किंवा आनंद, आणि तो देणारी ती नर्मदा. म्हणजे एकाच नदीची ही दोन नावे दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात; एक तिच्या चालीविषयी बोलते, तर दुसरे तिच्या देण्याविषयी. अमरकोशात ‘रेवा तु नर्मदा सोमोद्भवा मेकलकन्यका’ अशी चारही नावे एकत्र दिली आहेत. भागवताच्या पाचव्या स्कंधात नद्यांची जी यादी येते, तीत मात्र रेवा आणि नर्मदा यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्यामुळे मुळात हे दोन प्रवाह मानले जात होते की काय, असा प्रश्न अभ्यासकांना पडतो. नाव ठेवणाऱ्याला त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

आता ‘रेवती’. तिचा ‘रेवा’शी धातूचा संबंध नाही. वेदातील ‘रयि’ म्हणजे धन. त्यापासून ‘रेवत्’ म्हणजे धनवान हा शब्द झाला आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप रेवती. ऋग्वेदात ‘रेवतीर्नः सधमाद’ असा प्रयोग आढळतो. पुढे रेवती हे सत्ताविसावे नक्षत्र झाले आणि बलरामाच्या पत्नीचेही नाव झाले. ‘संपत्ती’ आणि ‘तारा’ हे दोन्ही अर्थ रेवतीचे आहेत. कोणीतरी ते उचलून रेवाला चिकटवले आणि बाकीच्यांनी न तपासता उतरवून घेतले. रती आणि नीळ हे अर्थ मात्र संस्कृत कोशांत ‘रेवा’ या शब्दाखाली खरोखरच आढळतात, परंतु ते कोशापुरतेच आहेत. लोकव्यवहारात रेवा म्हणजे नर्मदा, याखेरीज दुसरा अर्थ कोणाच्या मनात येत नाही, आणि बारशाला कोणी अर्थ विचारला तर तेवढेच सांगावे.

लष्करकर (ग्वाल्हेर)

काकूंचा आक्षेप निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे, म्हणजे त्यांच्याशी बोलणे सोपे जाईल. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ‘नर्क्षवृक्षनदीनाम्नीम्’ असा श्लोक आहे. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींची नावे असलेली मुलगी वधू म्हणून निवडू नये, असे त्यात म्हटले आहे. तो श्लोक नामकरणाचा नाही, वधूनिवडीचा आहे, पण परिणाम एकच, असे काकू म्हणतील आणि त्यांचे म्हणणे तर्काला धरून असेल.

मात्र मराठी घरांनी हा श्लोक कधी पाळला आहे, हे त्यांनाच विचारावे. स्नानाच्या वेळी आपण जो श्लोक म्हणतो, त्यातील गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी ही सातही नावे आपल्या आज्यांची, मावश्यांची आणि आत्यांची होती. नारायणराव पेशव्यांच्या पत्नी गंगाबाई होत्या. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना होते. महर्षी कर्व्यांच्या घरात तर सासू माहेरची गोदू आणि सून इरावती. ही सून १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मली आणि तेथल्या नदीवरून तिचे नाव ठेवले गेले. रोहिणी, रेवती, अश्विनी ही नक्षत्रांची नावे आणि मैना हे पक्ष्याचे नावही त्याच श्लोकाने बाद होते. ज्या नियमाला इतके अपवाद आहेत, तो नियम ग्रंथात राहिला, घरात आला नाही, असेच म्हणावे लागते.

त्याच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलींच्या नावांची लक्षणे दिली आहेत. नाव सुखाने उच्चारता यावे, कठोर नसावे, अर्थ स्पष्ट असावा, मनोहर व मंगल असावे आणि त्याच्या शेवटी दीर्घ स्वर असावा, असे तेथे म्हटले आहे. ‘रेवा’ हे नाव या सर्व अटी पूर्ण करते. जे एका बाजूने अडते, ते गृह्यसूत्रांच्या, म्हणजे घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या ग्रंथांच्या, नियमात. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलाच्या नावात सम अक्षरे आणि मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत, शेवटी आकार असावा. रेवा आकारान्त आहे, परंतु अक्षरे दोन. आता सीता, उमा, रमा, कुंती, राधा या सर्वांना हा नियम लावून पाहिला, की तोही किती सैल आहे हे कळते. काकूंनी शास्त्र काढले तर हे शास्त्रही त्यांच्यासमोर ठेवावे, परंतु हसत ठेवावे. बारशाच्या घरात वाद जिंकून काही मिळत नाही.

घाटावरचा (मूळ खरगोण, सध्या इंदूर)

वरील उत्तरे विद्वत्तेची आहेत, तथापि काकूंच्या मनातील खरी धास्ती श्लोकाची नसून कथेची असावी, असे मला वाटते. नर्मदेचा विवाह शोण या नदाशी ठरला होता, तिने आपली दासी जोहिला हिला निरोप घेऊन पाठवले, शोण आणि जोहिला यांचे सूत जुळले, आणि ते कळताच नर्मदा पाठ फिरवून पश्चिमेकडे निघून गेली व कायमची कुमारिका राहिली, ही कथा आमच्या निमाडात लहान मुलांनाही ठाऊक असते. शोण पूर्वेकडे गंगेला मिळतो, जोहिला त्याला मिळते आणि नर्मदा उलट दिशेने १३१२ किलोमीटर जाऊन भरूचजवळ समुद्राला मिळते, हा भूगोल डोळ्यांसमोर असल्यामुळे ती कथा मनात पक्की बसते. ‘कुमारिकेचे नाव मुलीला नको’ हा विचार त्यातूनच येतो.

असे असूनही, नदीच्या काठावर राहणाऱ्यांनी हे नाव कधी टाळलेले नाही. आमच्याकडे पुरुषांमध्ये रेवाराम आणि स्त्रियांमध्ये रेवाबाई ही नावे जुनी आहेत, नर्मदाबाई तर घरोघरी होत्या, आणि त्या सर्व मुलाबाळांच्या, नातवंडांच्या बायका होत्या. परिक्रमेला निघालेला मनुष्य ‘नर्मदे हर’ म्हणतो तेव्हा तो तिला कुमारिका म्हणून नव्हे, मैया म्हणून हाक मारतो. काकूंना हे सांगितल्यास त्यांना पटण्याची शक्यता श्लोकांपेक्षा अधिक आहे.

एक वेगळी हरकत मात्र मला स्वतःला गंभीर वाटते, आणि ती मी मोकळेपणाने मांडतो. मैयाच्या नावाने मुलीवर ओरडणे, ‘रेवे, गप्प बैस’ असे म्हणणे, काही घरांत खटकते. माझ्या आजीला ते खटकत असे, म्हणून आमच्या घरातल्या रेवाला सर्वजण ‘बाई’ म्हणत. कागदावरचे नाव एक आणि हाकेचे दुसरे, अशी ती व्यवस्था होती.

इंदूरची आत्या (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकूंना नर्मदाबाईंची आठवण करून दिली, तेव्हा त्यांच्याच सासूबाईंचे माहेरचे नाव नर्मदा होते, हे त्यांच्या तोंडून बाहेर पडले आणि पुढचे बोलणे बरेच सोपे झाले. परंतु आता त्यांनी नवा मुद्दा काढला आहे. बाळाची रास तूळ, नक्षत्र स्वाती. ‘रे’ हे अक्षर चालते का, ते गुरुजींना विचारल्याशिवाय त्या होकार देणार नाहीत. तसेच ‘रेवा’ हे नाव मराठीत फार नवे, फॅशनचे वाटते का, याविषयीही कोणी लिहिल्यास बरे होईल, कारण भावजयीच्या मैत्रिणींमध्ये इरा, सई, ओवी, मीरा अशा नावांची लाट आहे आणि तिला त्या लाटेतले नाव नको आहे.

लष्करकर (ग्वाल्हेर)

नक्षत्राच्या चार चरणांवरून नावाचे पहिले अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात स्वातीची अक्षरे रू, रे, रो, ता अशी आहेत. ‘रे’ हे दुसऱ्या चरणाचे अक्षर. चरण कोणता आहे ते गुरुजी पत्रिका पाहून सांगतील, परंतु नक्षत्र आणि रास यांच्याशी नाव जुळते, त्यामुळे काकूंचे समाधान व्हावे. त्या घरी सत्यनारायणाची पूजा करत असतील, तर आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्यावी. कथेच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी गुरुजी ‘इति श्रीस्कन्दपुराणे रेवाखण्डे’ असे म्हणतात. आयुष्यभर हात जोडून ऐकलेले हे नाव त्यांना परके वाटण्याचे कारण नाही.

मांडवीजवळ (वडोदरा)

नाव नवे आहे की जुने, याचे उत्तर तुम्ही कोठे उभे राहून विचारता यावर अवलंबून आहे. आमच्याकडे वडोदऱ्यात ‘रेवा’ म्हटले, की गुजराती शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रेवाबा, रेवाबेन अशी आजी उभी राहते. पुरुषांमध्ये रेवाशंकर हे नाव प्रतिष्ठित होते. मुंबईतील ज्या मणिभवनात गांधीजी उतरत असत, ते घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. इंग्रजांच्या काळात या भागातील लहान संस्थानांच्या समूहाला ‘रेवाकांठा’ असे नाव होते. त्यामुळे गुजरातीत हे नाव नवीन नसून, आजीचे नाव नातीला परत मिळावे, तसे ते आता फिरून येत आहे.

मराठीत मात्र त्याची वाट वेगळी आहे. आपल्या जुन्या पिढीत ‘नर्मदा’ होत्या, ‘रेवा’ क्वचित होत्या. गेल्या काही वर्षांत दोन अक्षरांची नावे पसंत पडू लागल्यावर लोकांनी नर्मदेचेच हे आखूड नाव शोधून काढले असावे. तेव्हा लाटेतले नाव म्हटले तरी ते खोटे ठरणार नाही. फरक एवढाच, की या नावाच्या मागे काहीतरी आहे, नुसता गोड ध्वनी नाही. जी नावे केवळ कानाला बरी वाटतात म्हणून जुळवली जातात आणि ज्यांचा अर्थ नंतर शोधावा लागतो, त्यांच्यात आणि या नावात मी गल्लत करणार नाही.

मराठी माणसाचा या नदीशी संबंध दूरचा आहे, असे समजू नये. येथील आमची कुटुंबे श्राद्धकर्मासाठी चाणोदला जातात. टेंबे स्वामींची समाधी गरुडेश्वरला नर्मदेच्या काठीच आहे. त्यांनी १९१४ साली तेथे देह ठेवला आणि दत्तसंप्रदायातील मराठी घरांना तेव्हापासून ती वाट पाठ झाली आहे. तुमच्या माळव्यात अहिल्याबाईंनी राजधानीसाठी महेश्वर निवडले, तेही याच नदीच्या काठी. म्हणजे होळकरांचे इंदूर आणि गायकवाडांचे बडोदे या दोन्ही मराठी गावांना हीच एक नदी समान आहे, आणि ‘रेवा’ हे नाव कोकणातल्या किंवा विदर्भातल्या मुलीपेक्षा आपल्याकडच्या मुलीला अधिक स्वाभाविक वाटते, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

सांजवेळ (इंदूर)

घरात गाणे असेल तर एक भर घालतो. ‘रेवा’ या नावाचा रागही आहे. तो ‘पूर्वी’ नावाच्या थाटातला, संध्याकाळी गायचा, रिषभ व धैवत कोमल, आणि मध्यम व निषाद वर्ज्य. हेच पाच स्वर घेऊन सकाळी विभास गातात, त्यामुळे रेवा फार ऐकू येत नाही. बारशाला कोणाकडून तो गाऊन घेता आला तर उत्तमच.

अर्जफाटे (इंदूर)

अर्थाचा निकाल लागला असल्यामुळे लिहिण्याविषयी सांगतो, कारण पुढे त्रास तेथेच होतो. आपल्या मध्य प्रदेशात ‘रीवा’ नावाचे मोठे शहर आहे आणि रोमी लिपीत त्याचे स्पेलिंग आर, ई, डब्ल्यू, ए असे केले जाते. मुलीचे नाव त्याच अक्षरांनी भरले, की संगणक किंवा कारकून हिंदीत ते ‘रीवा’ असे उतरवतो, आणि एकदा कागदावर उमटलेले नाव बदलून घेणे किती कष्टाचे असते, ते ज्याने केले आहे त्यालाच माहीत. त्यासाठी डब्ल्यूऐवजी व्ही घ्यावा, आणि प्रत्येक अर्जावर देवनागरीतील नाव स्वतः तपासावे. काही जण ई दोनदा लिहितात; तसे केल्यास उच्चार नक्कीच ‘रीवा’ होईल. रुग्णालय, शाळा, आधार, पारपत्र या सर्व ठिकाणी एकच स्पेलिंग ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.

बारसे होईपर्यंत जन्मनोंदणी थांबवण्याचीही गरज नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, परंतु नाव न लिहिताही नोंद होते. नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. त्यामुळे गुरुजींकडून चरणाचे उत्तर येईपर्यंत काकूंना अवधी द्यावा.

इंदूरची आत्या (इंदूर)

गुरुजींनी दुसरा चरण असल्याचे सांगितले. काकूंनी होकार दिला आहे, मात्र ‘घाटावरचा’ यांच्या आजीप्रमाणे त्याही हाक मारताना हे नाव वापरणार नाहीत. त्या ‘छकुली’ म्हणणार आहेत, आणि भावजयीला ते चालणार आहे. स्पेलिंग व्हीनेच करू. रेवा रागाविषयी भावाने आजच चौकशी सुरू केली आहे.